ओढ्यापलीकडची एकशे बेचाळीस नावे : प्रभागयादीवरील हरकतीचे एक प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या २०२५ सालच्या निवडणुकीतील आहे. गावाचे नाव दिलेले नाही, प्रभागांचे क्रमांक बदलले आहेत आणि माणसांची ओळख पटणार नाही याची काळजी घेतली आहे. मी तटस्थ निरीक्षक नाही, हे आधीच सांगितलेले बरे. गेली पंचवीस वर्षे मी एकाच पक्षाचे काम करतो. सभेआधी सतरंज्या अंथरण्यापासून मतदानाच्या दिवशी टेबल लावण्यापर्यंत सगळे केले आहे आणि पुढेही करीन. तेव्हा जे लिहिले आहे ते एका बाजूच्या माणसाने लिहिले आहे, हे धरूनच वाचावे.

पार्श्वभूमी

आमच्या नगरपरिषदेची आधीची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली होती. पाच वर्षांची मुदत संपल्यावर इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि जवळपास चार वर्षे गावाचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात नळाचे पाणी दिवसाआड झाले, तरी जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. होते ते ‘माजी’ आणि ‘इच्छुक’. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचे आदेश दिल्यावर ऑगस्टमध्ये प्रभागरचनेचे प्रारूप आले आणि गावात पुन्हा हालचाल सुरू झाली.

प्रभाग २०११ च्या जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले वस्तीचे छोटे तुकडे, जोडून तयार केले गेले. मतदारयादी मात्र वेगळ्या वाटेने येते. राज्य निवडणूक आयोगाची स्वतःची अशी यादी नसते. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे विभागली जाते. या वेळी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभा यादी आधार धरली होती. ती विभागताना नवे नाव घालता येत नाही की असलेले काढता येत नाही. नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेले असेल, विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत आले नसेल किंवा लेखनिकाची चूक झाली असेल, तर तेवढीच दुरुस्ती होते. हे ठाऊक नसल्यामुळे हरकतींच्या दिवसांत निम्मे लोक मेलेल्या माणसांची नावे वगळण्यासाठी रांगेत उभे होते आणि हात हलवत परत जात होते.

आमच्याकडे प्रभाग ६ म्हणजे जुनी पेठ आणि प्रभाग ७ म्हणजे ओढ्यापलीकडच्या, गेल्या पंधरा वर्षांत वसलेल्या वसाहती. मधला ओढा हीच हद्द. पेठेच्या भागात २०१६ मध्ये आमचा उमेदवार शंभरापेक्षा कमी मतांनी पडला होता. प्रभाग ७ मध्ये मात्र लोकसभा आणि विधानसभा या २०२४ मधल्या दोन्ही निवडणुकांत आम्हाला चांगली मते पडली होती. राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या बाजूचा जो धुव्वा उडाला, त्यातही या वसाहतींच्या मतदान केंद्रांवर दर तीन मतांपैकी सुमारे दोन आमची होती. विधानसभेनंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता जाहीर होतो. तो आमच्या बूथप्रमुखाच्या खिशात घडी करून कायम असतो.

प्रश्न कसा समोर आला

प्रारूप प्रभागयादी ८ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाली आणि हरकतींसाठी १३ ऑक्टोबरपर्यंत मुदत होती. शनिवारी, ११ तारखेला संध्याकाळी आम्ही सहाजण प्रभाग ६ मधील आमच्या इच्छुकाच्या (त्यांना येथे ‘भाऊ’ म्हणू) इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या माळ्यावर यादी घेऊन बसलो. झेरॉक्स फिकट होती, घर क्रमांकाच्या रकान्यात अनेक ठिकाणी नुसते शून्य होते, आणि एकाने नाव वाचायचे, दुसऱ्याने ‘आपल्यातला’, ‘त्यांच्यातला’ किंवा ‘माहीत नाही’ म्हणायचे, असा आमचा शास्त्रशुद्ध अभ्यास चालला होता.

त्यातून दोन चुका निघाल्या. पहिली : प्रभाग ५ मधील एका गल्लीतील ६१ नावे प्रभाग ६ मध्ये आली होती. ही गल्ली परंपरेने विरोधकांची. दुसरी : ओढ्यापलीकडच्या एका वसाहतीतील १४२ नावेही प्रभाग ६ मध्येच होती. वसाहत निःसंशय प्रभाग ७ मधली आणि मते बहुतांशी आमची.

दुसरी चूक कोणी मुद्दाम केली असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. विधानसभेच्या यादीत प्रत्येक भागाचे रस्त्यांच्या नावाने विभाग पाडलेले असतात. ही वसाहत वसली तेव्हा तिचे मतदार ज्या रस्त्याच्या नावाखाली नोंदवले गेले, तो रस्ता पेठेतून निघून ओढा ओलांडून पलीकडे जातो. यादी विभागणाऱ्याने रस्त्याचे नाव पाहिले आणि तो अख्खा विभाग पेठेत टाकला. जागेवर जाऊन पाहिले असते तर पाच मिनिटांत कळले असते; पण कमी दिवसांत हजारो नावे वाटायची असतील तर कोण ओढ्यावर जातो?

माळ्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग भाऊ म्हणाले, “एकसष्टांवर हरकत घ्या. बाकीचं राहू द्या.”

समोर असलेले पर्याय

त्या रात्री कोणी पर्याय मांडून चर्चा केली नाही. एक गोष्ट आपोआप ठरली आणि चहा आला. मागे वळून पाहता मात्र तीन वाटा स्पष्ट दिसतात.

पहिली वाट निवडक हरकतीची, म्हणजे आम्हाला अडचणीची चूक दुरुस्त करून घ्यायची आणि सोयीची तशीच ठेवायची. तिच्या बाजूने युक्तिवाद होते आणि ते पोकळ नव्हते. चूक आम्ही केली नव्हती, विरोधकांनाही यादी मिळाली होती, त्यांनी हरकत घेतली नाही तर तो त्यांचा आळस. शिवाय १४२ जणांचे मत कुठेच बुडत नव्हते. नाव कोणत्याही प्रभागात असले तरी नगराध्यक्षाला ते मत देऊ शकत होते आणि नगरसेवकपदाची दोन मतेही त्यांना होतीच. फक्त ती दुसऱ्या प्रभागाला पडणार होती.

दुसरी वाट दोन्ही चुकांवर हरकत घेण्याची. प्रभाग ७ मध्ये आम्ही तसेही बळकट होतो, तिथे या मतांनी फारसा फरक पडणार नव्हता; प्रभाग ६ मध्ये मात्र तेवढ्यावर जागा येऊ वा जाऊ शकत होती. राजकीय हिशेबाने पाहिले तर हा निव्वळ तोटा.

तिसरी वाट वसाहतीला जाऊन वस्तुस्थिती सांगायची आणि हरकत घ्यायची की नाही हे तेथील रहिवाशांवर सोडायचे, ही होती. ती त्या दिवशी कोणाला सुचली नाही, मलाही नाही. मतदार म्हणजे यादीतले नाव आणि नावापुढची खूण, या पलीकडे आमचे डोके चालत नव्हते.

पहिला निर्णय आणि त्यानंतरचे चार दिवस

सोमवारी, १३ तारखेला, ६१ नावांवरील हरकत सर्व कागदपत्रांसह दाखल झाली आणि पोचपावती मिळाली. त्याच सुमारास मुदत १७ ऑक्टोबरपर्यंत वाढवल्याचे कळले. एरवी मुदतवाढीचा आनंद झाला असता; या वेळी मला ती नकोशी वाटली, कारण विषय संपला असे म्हणण्याची सोय गेली.

राज्यात त्याच आठवड्यात मतदारयाद्यांवरून रान उठले होते. १४ व १५ ऑक्टोबरला विरोधी पक्षांच्या नेत्यांचे शिष्टमंडळ मुंबईत राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी आणि राज्य निवडणूक आयुक्त यांना भेटले आणि याद्यांतील घोळ दाखवत आधी याद्या दुरुस्त करा, मग निवडणुका घ्या, अशी मागणी केली. त्या शिष्टमंडळात आमच्याही पक्षाचे नेते होते. दूरचित्रवाणीवर ते पाहताना मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी दुकानाच्या माळ्यावरची ती घडी केलेली यादी आठवली. आमच्या नेत्यांचे म्हणणे मला आजही पटते. प्रश्न एवढाच होता की त्यांच्या म्हणण्याला बळ देणारा एक पुरावा आमच्या गावात होता आणि तो आम्हीच दाबून ठेवला होता.

बुधवारी, १५ तारखेला, वसाहतीतील एक निवृत्त शिक्षिका माझ्या घरी आल्या. माझ्या धाकट्या मुलीला त्यांनी चौथीत शिकवले होते, म्हणून आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्यांच्या हातात घरपट्टीची पावती होती आणि नातवाने मोबाइलवर शोधून दिलेला त्यांचा यादीतला तपशील एका कागदावर लिहिलेला होता. “दादा, माझं नाव पेठेत कसं गेलं?” एवढेच त्यांनी विचारले. मग म्हणाल्या की वसाहतीतले सांडपाणी ओढ्याला सोडलेले आहे, पावसाळ्यात ते उलटे येते आणि गेली चार वर्षे त्या प्रत्येक अर्जावर ‘नगरसेवक निवडून आल्यावर बघू’ हे उत्तर ऐकत आहेत. “आता नगरसेवक येणार, तर तो आमचा नाही. पेठेतल्या माणसाने माझ्या गटाराचं का बघावं?”

बाई आमच्याच पक्षाला मत देतात, हे मला ठाऊक आहे. म्हणजे ज्या मतांच्या भरवशावर आम्ही गप्प होतो, त्यांतलेच एक मत माझ्यासमोर बसून जाब विचारत होते. मला हे आधीच माहीत आहे, असे मी त्यांना सांगितले नाही. “बघतो,” म्हणालो. या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट कोणती असे विचाराल, तर ११ तारखेचा निर्णय नव्हे, तो ‘बघतो’.

दुसरा निर्णय आणि कृती

गुरुवारी सकाळी मी भाऊंकडे जाऊन सांगितले की वसाहतीच्या नावांवर हरकत घ्यावी लागेल, तुम्ही घेतली नाही तर मी रहिवाशांकडून घेववीन. बोलणे चांगले झाले नाही. भाऊंनी पंधरा वर्षे पेठेत काम केले होते, २०१६ मध्ये तिकीट हुकले होते आणि या वेळी खुल्या जागेमुळे पहिल्यांदा संधी दिसत होती. “काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, पक्षाच्याच. त्यावर ते हसले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

माझी बाजू मी दोन मुद्द्यांवर मांडली. एक, बाईंना कळले म्हणजे वसाहतीला कळणार आणि आम्हाला आधीपासून ठाऊक होते हेही कधीतरी कळणार. मग प्रभाग ७ मधले आमचे बळ पातळ होईल. दोन, ६१ नावांवरील आमचीच हरकत कार्यालयात पडलेली असताना स्थळपाहणीला कोणी ओढ्यापर्यंत चालत गेले, तर दुसरी चूक आपोआप उघडी पडेल आणि आमची निवडानिवडही. हे दोन्ही मुद्दे हिशेबाचे होते, नीतीचे नव्हते. नीतीचा मुद्दा मी मांडला नाही, कारण तो पाच दिवस उशिरा सुचला होता आणि भाऊंनी ते लगेच दाखवून दिले असते.

भाऊ शेवटपर्यंत ‘हो’ म्हणाले नाहीत. अडवले मात्र नाही. आमच्या बूथवरची दोन मुले घेऊन मी संध्याकाळी वसाहतीत गेलो. प्रत्येक मतदाराचा स्वतंत्र अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा लागेल, असे आम्हाला कार्यालयात सांगण्यात आले होते. शुक्रवारी, १७ तारखेला, वसुबारस होती. निम्मी घरे फराळाच्या गडबडीत, काही कुटुंबे गावी गेलेली, नोकरदार बाहेर. बाईंच्या अंगणात टेबल मांडून अर्ज भरले. एका आजींनी करंजीच्या पिठाचा हात पदराला पुसून सही केली, तो पांढरा ठसा अर्जावर तसाच राहिला आणि कार्यालयातल्या बाबूने तो बोटाने झटकून मग शिक्का मारला.

मुदत संपेपर्यंत १४२ पैकी ९६ अर्ज दाखल झाले. ४६ राहिले.

परिणाम

अंतिम प्रभागयादी ३१ ऑक्टोबरला आली. प्रभाग ५ मधील ६१ नावे आपल्या जागी गेली. वसाहतीच्या ९६ अर्जांपैकी ८९ मान्य झाले. सात अर्जांत ओळखपत्राचा क्रमांक जुळला नाही म्हणून ते राहिले. म्हणजे ५३ नावे प्रभाग ६ मध्येच अडकली. परिणामी एकाच घरातील नवरा ओढ्यापलीकडे आणि बायको ओढ्याअलीकडे मतदान करणार, अशी स्थिती पंधरा-वीस घरांत झाली. चूक पूर्ण राहिली असती तर निदान सगळे एका केंद्रावर गेले असते. आमच्या अर्ध्या दुरुस्तीने हा नवा घोळ घातला.

भाऊंना पक्षाची उमेदवारी मिळाली. २ डिसेंबरला मतदान झाले. त्या ५३ जणांना आम्ही घरोघरी जाऊन चिठ्ठ्या दिल्या होत्या, तरी दहा-बाराजण सवयीने शेजाऱ्यांबरोबर पलीकडच्या केंद्रावर गेले, तिथे नाव नाही म्हणून परत फिरले आणि त्यांतले मोजकेच पेठेत आले. एक गृहस्थ मला रस्त्यात गाठून म्हणाले की आधी होतं तेच बरं होतं.

मतमोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. राज्यातील काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर गेले होते, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व निकाल २१ डिसेंबरला एकत्र लावण्याचा आदेश दिला आणि आम्हाला यंत्रे ठेवलेल्या खोलीबाहेर थंडीत पाळ्या लावाव्या लागल्या. त्या पाळ्यांत भाऊ आणि मी एकदाही एकत्र आलो नाही. यादी करणाऱ्याने ती काळजी घेतली असावी.

प्रभाग ७ मधील दोन्ही जागा आम्ही जिंकल्या. प्रभाग ६ मध्ये महिला राखीव जागा मोठ्या फरकाने गेली आणि भाऊ ३८ मतांनी पडले.

‘८९ नावे हलवली आणि ३८ मतांनी पडलो’ हे वाक्य त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावभर झाले. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. ८९ पैकी सत्तर टक्के लोकांनी मतदान केले असते असे धरले तर मते ६२. त्यांतली दोन तृतीयांश आमची धरली तर ४१ आमची आणि २१ समोरची. निव्वळ आघाडी २० मतांची. म्हणजे तेवढ्याने ३८ चा फरक भरून निघाला नसता. उलट ती ६१ नावे प्रभाग ६ मध्येच राहिली असती तर याच रीतीने पराभव आणखी चौदा-पंधरा मतांनी वाढला असता. हा हिशेब अंदाजाचा आहे, पण प्रामाणिक आहे. भाऊंनी तो वाचला नाही. अडकलेल्या ५३ जणांतल्या काहींची मते आधीच मोजली गेली होती हे बाजूला ठेवून १४२ च्या १४२ नावांचा हिशेब केला तरी आघाडी तेहतीसच्या आसपास येते, म्हणजे निकाल फार तर चार-पाच मतांवर आला असता. आणि चार-पाच मतांवर आलेल्या निवडणुकीत काय झाले असते, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिली चुकलेली वेळ ऑक्टोबरची नव्हे, ऑगस्टची होती. प्रभागरचनेचे प्रारूप आले तेव्हा आम्ही नकाशात फक्त ‘आपला भाग कुठे गेला’ हे पाहिले. हद्द ज्या रस्त्यांना कापते, त्या रस्त्यांची नावे विधानसभा यादीच्या विभागांशी ताडून पाहिली असती, तर कोणते विभाग चुकीच्या बाजूला पडण्याचा धोका आहे हे दोन महिने आधी कळले असते. यासाठी मोठे मनुष्यबळ लागत नाही. एक नकाशा, यादीचे भाग आणि गावातून चालून येणारा एक माणूस पुरतो. आमच्याकडे सतरंज्या उचलणारे खूप आहेत, पण हे काम कोणी कोणाला सांगितलेले नव्हते.

दुसरी वेळ ११ ऑक्टोबरची. त्या रात्री दोन्ही चुकांचे अर्ज एकत्र भरायला घेतले असते तर दिवाळीच्या आधीचे सहा दिवस हाताशी होते, आणि ४६ नावे सुटली नसती. गप्प बसण्याचा निर्णय नंतर बदलला, तरी त्यात गेलेले पाच दिवस परत मिळाले नाहीत. म्हणून माझे मत असे झाले आहे की निवडक हरकत हा पक्षालाही न परवडणारा मार्ग आहे. शेवटी आमच्या वाट्याला वसाहतीची नाराजी आली आणि भाऊंचीही. पूर्ण गप्प राहिलो असतो तर निदान भाऊ खूश असते आणि पहिल्याच दिवशी बोललो असतो तर वसाहत.

तिसरी गोष्ट मांडायला मला अजूनही जड जाते. प्रभाग ६ मधील विरोधकांच्या बूथप्रमुखाला मी तीस वर्षे ओळखतो. त्याला फोन करून ‘तुझे ६१ आणि माझे १४२, दोन्ही मिळून दाखवू’ असे म्हटले असते, तर दोघांचे कार्यकर्ते एकत्र फिरले असते आणि काम दोन दिवसांत उरकले असते. मी फोन केला नाही. त्यांनी यादी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती, असा माझा समज आहे. तो पक्षपाती समज असू शकतो.

३१ ऑक्टोबरनंतर उरलेल्या ५३ जणांना नुसत्या चिठ्ठ्या न देता, तुमच्या घरातील कोणाचे नाव कोणत्या केंद्रावर आहे असा घरनिहाय कागद द्यायला हवा होता. चिठ्ठी माणसाची असते आणि मतदानाला जाते ते घर, हे आम्हाला २ डिसेंबरच्या दुपारी कळले.

विधानसभेच्या यादीत तो विभाग अजून त्याच रस्त्याच्या नावाखाली आहे. पत्त्याच्या दुरुस्तीसाठी नमुना ८ चा अर्ज असतो. तो घेऊन बाई आणि मी जानेवारीत पुन्हा वसाहतीत फिरलो. ५३ पैकी ३१ जणांनी भरून दिला. बाकीच्यांचे म्हणणे, निवडणूक तर झाली ना आता.